रिअ‍ॅक्ट नेटिव्हची सुरुवात: आधी दोन बाजू ओळखा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वेबसाठी जावास्क्रिप्ट येते, रिअ‍ॅक्टही थोडेफार वापरले आहे, आता रिअ‍ॅक्ट नेटिव्हमध्ये, म्हणजे जावास्क्रिप्टमधून अँड्रॉइड आणि आयओएसची अ‍ॅप बनवायच्या साधनात, पहिले मोबाइल अ‍ॅप करायचे आहे. नुसते इन्स्टॉल करण्यात तीन दिवस गेले, कारण प्रत्येक व्हिडिओत वेगळी पद्धत. शेवटी फोनवर एक्स्पो गोमध्ये (एक्स्पो या रिअ‍ॅक्ट नेटिव्हवरच्या फ्रेमवर्कचे तयार अ‍ॅप) पहिली स्क्रीन दिसली, पण दुसऱ्या दिवशी कॅमेऱ्याचे एक पॅकेज टाकल्याबरोबर 'नेटिव्ह मॉड्यूल सापडत नाही' असा लाल एरर आला. आता एक्स्पो सोडावे का, कॉटलिन आणि स्विफ्ट आधी शिकावे का, आणि एकूण कोणत्या क्रमाने पुढे जावे?

मी त्या एररपासूनच सुरुवात करते. तो नीट कळला की बाकीच्या निम्म्या शंका आपोआप सुटतात.

रिअ‍ॅक्ट नेटिव्हच्या अ‍ॅपला दोन बाजू असतात. एक तुमची जावास्क्रिप्ट: कंपोनंट, स्टेट, बटण दाबल्यावर काय करायचे ते. दुसरी बाजू फोनच्या स्वतःच्या भाषेतली: अँड्रॉइडवर जावा आणि कॉटलिन, आयओएसवर ऑब्जेक्टिव्ह-सी आणि स्विफ्ट, आणि दोन्हीकडे थोडे सी प्लस प्लस. स्क्रीनवर जे दिसते ते दुसऱ्या बाजूचे असते. तुम्ही लिहिलेला 'व्ह्यू' अँड्रॉइडवर अँड्रॉइडचाच व्ह्यू होतो, आयओएसवर आयओएसचाच. अ‍ॅपच्या आत लपवलेले ते वेबपेज नाही. फ्लटरसारखे प्रत्येक बटण स्वतः रंगवायचे, असाही हा प्रकार नाही. जावास्क्रिप्ट सांगते काय दाखवायचे, आणि नेटिव्ह बाजू ते प्रत्यक्ष दाखवते.

आता महत्त्वाची गोष्ट. जावास्क्रिप्टची बाजू तुमच्या कॉम्प्युटरवरून मेट्रो नावाचा प्रोग्रॅम फोनला पाठवत असतो, सहसा ८०८१ या पोर्टवरून. म्हणून फाइल सेव्ह केली की बदल क्षणात दिसतो. नेटिव्ह बाजू मात्र अ‍ॅप इन्स्टॉल झाले त्या वेळीच पक्की झालेली असते. ती बदलायची तर अ‍ॅप नव्याने बिल्ड करून फोनवर पुन्हा टाकावे लागते. एक्स्पो गो हे दुसऱ्या कुणीतरी आधीच बिल्ड करून स्टोअरवर ठेवलेले अ‍ॅप आहे. त्यात ठरावीक नेटिव्ह मॉड्यूल आहेत, आणि तुम्ही टाकलेले कॅमेऱ्याचे पॅकेज त्यात नाही. तुमच्या जावास्क्रिप्टने दार वाजवले, पण आत ते मॉड्यूल राहतच नाही. एररचा अर्थ एवढाच. तुमच्या कोडमध्ये चूक नव्हती आणि नोड मॉड्यूल्सचे फोल्डर दहा वेळा पुसूनही काही होणार नव्हते. एक्स्पोचे स्वतःचे कॅमेरा पॅकेज वापरले असते तर ते चालले असते, कारण ते एक्स्पो गोमध्ये आधीपासून आहे.

म्हणून पहिल्या दिवसापासून एक सवय लावा. काहीही अडले की आधी विचारा, ही गोष्ट कोणत्या बाजूची आहे? या लेखात मी पुन्हा पुन्हा त्याच प्रश्नाकडे येणार आहे. मी स्वतः शिकवताना सर्वांत जास्त वेळ यावरच घालवते आणि तो वाया गेला असे मला कधी वाटले नाही.

एक्स्पो सोडू नका. रिअ‍ॅक्ट नेटिव्हचे अधिकृत दस्तऐवजही २०२४ पासून नवीन अ‍ॅपसाठी एक्स्पोसारखे फ्रेमवर्क घ्यायलाच सांगतात. गोंधळ होतो तो एक्स्पो आणि एक्स्पो गो या दोन गोष्टी एकच समजल्यामुळे. एक्स्पो गो म्हणजे पहिल्या आठवड्यात क्यूआर कोड स्कॅन करून खेळून बघायची जागा. खरे काम डेव्हलपमेंट बिल्डवर करायचे. म्हणजे एक्स्पो गोसारखेच अ‍ॅप, पण तुमचे स्वतःचे, तुम्ही निवडलेली नेटिव्ह पॅकेजेस आत असलेले. ते एकदा बिल्ड करून फोनवर टाकले की पुढे रोजचे काम पूर्वीसारखेच: सेव्ह केले की दिसले. नवीन नेटिव्ह पॅकेज टाकले तरच पुन्हा बिल्ड. तुमच्या कॅमेऱ्याच्या पॅकेजलाही हेच हवे होते.

बिल्ड करण्यासाठी अँड्रॉइड स्टुडिओ, जेडीके (जावाची साधने) आणि अँड्रॉइड होम नावाचे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल लागते. आयओएससाठी एक्सकोड लागतो आणि तो फक्त मॅकवर चालतो. मॅक नसेल तर एक्स्पोची क्लाउडवर बिल्ड करून देणारी सेवा आहे. पण माझा सल्ला असा की पहिला महिना एकाच प्लॅटफॉर्मवर काढा. जो फोन तुमच्या हातात आहे, तोच. एमुलेटर (कॉम्प्युटरवरचा नकली फोन) असला तरी खरा फोन हवाच, कारण बोटाखाली स्क्रोल कसे होते, कीबोर्ड वर आल्यावर काय झाकले जाते, बाहेरच्या उन्हात अक्षरे दिसतात का, हे एमुलेटर सांगत नाही.

पॅकेज टाकताना एनपीएमची साधी इन्स्टॉल कमांड न वापरता एक्स्पोची इन्स्टॉल कमांड वापरा. एनपीएम सर्वांत नवी आवृत्ती आणून ठेवते. एक्स्पो तुमच्या एसडीकेशी (म्हणजे प्रोजेक्टमधल्या एक्स्पोच्या आवृत्तीशी) जुळणारी आवृत्ती आणते. नेटिव्ह बाजू असलेल्या पॅकेजमध्ये हा फरक फार मोठा ठरतो. नंतर आवृत्त्यांचा गोंधळ झालाच तर एक्स्पो डॉक्टर चालवून बघा, कुठे जुळत नाही ते तो सांगतो.

तुमचे तीन दिवस का गेले, तेही सांगते. रिअ‍ॅक्ट नेटिव्ह मार्च २०१५ मध्ये सर्वांसाठी खुले झाले तेव्हा ते फक्त आयओएससाठी होते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अँड्रॉइड आले. इतक्या वर्षांत पद्धत अनेकदा बदलली आणि जुने व्हिडिओ मात्र तसेच शिल्लक राहिले. ते ओळखायच्या खुणा आहेत. पॅकेज टाकल्यावर 'लिंक' कमांड चालवायला सांगितली असेल तर ते २०१९ च्या मध्याआधीचे, कारण ०.६० या आवृत्तीपासून जोडणी आपोआप होते. सगळे कंपोनंट क्लासमध्ये लिहिले असतील तर बहुधा तेही त्याच काळातले, कारण हुक्स ०.५९ मध्ये आले. एसिंकस्टोरेज थेट रिअ‍ॅक्ट नेटिव्हमधून इम्पोर्ट केले असेल, एक्स्पो किंवा रिअ‍ॅक्ट नेटिव्हची कमांड ग्लोबल इन्स्टॉल करायला सांगितली असेल, 'एक्स्पो इनिट'ने प्रोजेक्ट सुरू केला असेल, तर तो व्हिडिओ तिथेच बंद करा. त्यात शिकवणाऱ्याचा दोष नाही. ते त्या वेळी बरोबरच होते, पण आज त्याने तुमचा दिवस जाईल.

'ब्रिज' हा शब्दही तुम्हाला सगळीकडे भेटेल. जुन्या रचनेत दोन्ही बाजू एकमेकींशी थेट बोलत नसत. प्रत्येक निरोप जेसन या मजकुराच्या साच्यात बांधून रांगेत टाकला जाई आणि पलीकडे तो उलगडला जाई. निरोप जास्त झाले की रांग तुंबायची आणि स्क्रोल करताना पांढरे पट्टे दिसायचे. नव्या रचनेत जेएसआय (जावास्क्रिप्ट इंटरफेस) आहे. त्यामुळे जावास्क्रिप्टला पलीकडच्या वस्तूंना थेट हात लावता येतो आणि गरज असेल तिथे उत्तराची लगेच वाट पाहता येते. स्क्रीन उभी करणाऱ्या भागाला फॅब्रिक आणि मॉड्यूलच्या नव्या पद्धतीला टर्बो मॉड्यूल म्हणतात. ही रचना ऑक्टोबर २०२४ मधल्या ०.७६ पासून आपोआप चालू असते आणि ०.८२ पासून जुनी रचना वापरताच येत नाही. तुम्ही आज सुरुवात करता आहात, म्हणजे नव्या रचनेतच आहात. शिकण्यासाठी एवढे पुरे. फक्त पॅकेज निवडताना ते नव्या रचनेवर चालते असे त्याच्या पानावर लिहिले आहे का, हे बघा. दोन-तीन वर्षे कुणी हात न लावलेले पॅकेज गिटहबवर कितीही तारे असले तरी घेऊ नका.

आता कोड. वेबवरून येणाऱ्यांना वाटते की रिअ‍ॅक्ट येते म्हणजे निम्मे काम झाले. स्टेट, प्रॉप्स, हुक्स खरोखर तेच आहेत. अडचण येते ती मांडणीत. इथे डिव्ह नाही आणि सीएसएसचा वारसा नाही. वर एका व्ह्यूला अक्षराचा रंग दिला तर तो खाली उतरत नाही. अक्षरांच्या स्टाइल फक्त एका टेक्स्टमध्ये दुसरा टेक्स्ट असेल तरच उतरतात. फ्लेक्सबॉक्स आहे, पण दिशा मुळात उभी असते, वेबसारखी आडवी नाही. आकड्यांना पिक्सेल लिहायचे नसते. ते स्क्रीनच्या घनतेनुसार आपोआप मोजले जातात.

पहिल्या आठवड्यात पांढरी स्क्रीन दिसणारच. दहापैकी आठ वेळा कारण एकच: आतल्या व्ह्यूला 'फ्लेक्स एक' दिलेले असते आणि बाहेरच्याला उंचीच नसते. शून्याचा सगळा भाग घेतला तरी शून्यच. अशा वेळी अंदाज लावत बसू नका. बाहेरून आत एकेका व्ह्यूला भडक पार्श्वभूमी द्या: लाल, मग पिवळा, मग निळा. जिथे रंग दिसायचा थांबतो, तिथे उंची हरवली आहे. मी आजही हेच करते. इंटरनेटवरून येणाऱ्या चित्राचीही तीच गोष्ट. त्याला रुंदी आणि उंची दिली नाही तर ते दिसणार नाही आणि एररही येणार नाही.

आणखी एक सापळा असा की तो वेबवर नुसता दिसायला वाईट दिसतो, पण इथे अ‍ॅप पाडतो. अक्षरे टेक्स्टच्या आतच असली पाहिजेत, उघडी व्ह्यूमध्ये ठेवता येत नाहीत. आता समजा तुम्ही लिहिले, 'संख्या असेल तर यादी दाखव', म्हणजे संख्येपुढे दोन अँपरसँड आणि मग कंपोनंट. संख्या शून्य झाली की जावास्क्रिप्ट त्या शून्यालाच उत्तर मानते, ते शून्य व्ह्यूमध्ये उघडे पडते आणि एरर येतो. तुमच्या चाचणीत यादी कधी रिकामी नसते. नवीन वापरकर्त्याची यादी मात्र पहिल्या क्षणी रिकामीच असते, म्हणून हा दोष नेमका त्याच्याच वाट्याला येतो. 'संख्या शून्यापेक्षा मोठी असेल तर' असेच लिहायची सवय ठेवा.

टेक्स्टच्या बाबतीत आपल्या लिपीत लिहिणाऱ्यांसाठी एक सूचना. डिझाइनमधून आलेली लाइनहाइट (ओळीची उंची) बहुतेकदा रोमन अक्षरे धरून ठरवलेली असते. ती तशीच लावली तर वेलांट्या आणि रफार वरून, उकार खालून कापले जातात, विशेषतः अँड्रॉइडवर. लाइनहाइट मोकळी ठेवा आणि फोनच्या सेटिंगमध्ये अक्षर सर्वांत मोठे करूनही एकदा पाहा. रिअ‍ॅक्ट नेटिव्ह ते सेटिंग मुळातच पाळते. ते बंद करून डिझाइन वाचवू नका. ज्याला मोठे अक्षर लागते, त्याला ते खरेच लागते.

याद्यांवर थोडी जास्त थांबते, कारण जवळजवळ प्रत्येक अ‍ॅप म्हणजे कशाची तरी यादी असते. स्क्रोलव्ह्यू त्याच्या आतले सगळे एकदम उभे करतो. वीस ओळी असतील तर हरकत नाही, दोन हजार असतील तर फोन धापा टाकतो. फ्लॅटलिस्ट दिसणाऱ्या भागाच्या आसपासचेच उभे करते. तिला प्रत्येक ओळीसाठी न बदलणारी की द्या, म्हणजे नोंदीचा स्वतःचा आयडी. यादीतला अनुक्रमांक की म्हणून दिला आणि मधली नोंद पुसली की ओळींचे स्टेट एकमेकींत मिसळते: टिक केलेली ओळ एक आणि टिक दिसते दुसरीवर. आणि फ्लॅटलिस्ट कधीही त्याच दिशेच्या स्क्रोलव्ह्यूच्या आत ठेवू नका. वर शीर्षक किंवा चित्र हवे म्हणून लोक असे करतात. मग आतल्या यादीला वाटते की तिची उंची अमर्याद आहे, आणि ती सगळ्या ओळी उभ्या करते. मग फ्लॅटलिस्ट घेऊन काय मिळाले? शीर्षकासाठी फ्लॅटलिस्टचाच हेडर प्रॉप आहे.

वेगाबद्दल सुरुवातीला एवढेच लक्षात ठेवा: सेकंदाला ६० फ्रेमची स्क्रीन असेल तर प्रत्येक फ्रेमला १६.६७ मिलिसेकंद मिळतात, १२० ची असेल तर त्याच्या निम्मे. जावास्क्रिप्टचा धागा एकच आहे. तिथे मोठी जेसन फाइल उलगडत बसलात तर तेवढा वेळ बटण दाबलेले त्याला कळत नाही. स्क्रोल मात्र चालू राहतो, कारण तो नेटिव्ह बाजूला चालतो. हा फरक हाताला जाणवतो: स्क्रोल होतो पण बटण ऐकत नाही, म्हणजे अडचण जावास्क्रिप्टच्या बाजूला आहे. म्हणूनच अ‍ॅनिमेशनही नेटिव्ह बाजूला सोपवायचे असते. अ‍ॅनिमेटेडमध्ये नेटिव्ह ड्रायव्हर चालू केला की पारदर्शकता आणि सरकणे-फिरणे-मोठे होणे तिकडेच होते. रुंदी-उंची मात्र त्याला बदलता येत नाही, त्यासाठी रीअ‍ॅनिमेटेड हे पॅकेज बघा. आणि डेव्हलपमेंट मोडमध्ये अ‍ॅप हळू वाटले म्हणून लगेच दुरुस्तीला लागू नका. तिथे तपासण्यांचे ओझे असते. वेग रिलीज बिल्डवरच मोजायचा, आणि शक्यतो जुन्या, साध्या फोनवर.

नेव्हिगेशन, स्टेट मॅनेजमेंट यांवर मी फार लिहीत नाही. एक्स्पो राउटर घ्या किंवा रिअ‍ॅक्ट नेव्हिगेशन घ्या, पहिल्या अ‍ॅपला दोन्ही चालतात. रिडक्स किंवा तसले काही लगेच घेऊ नका. तीन स्क्रीनच्या अ‍ॅपला यूजस्टेट आणि एखादा कॉन्टेक्स्ट पुरतो. तो पुरेनासा झाला की कशासाठी काय हवे हे तुम्हाला स्वतःलाच कळेल.

त्यापेक्षा फोनचे स्वतःचे वागणे समजून घ्यायला वेळ द्या. वेबवर टॅब उघडा असतो तोवर तुमचा कोड जिवंत असतो. फोनवर वापरकर्ता मध्येच कॉल घेतो, दुसऱ्या अ‍ॅपमध्ये जातो, आणि मेमरी कमी पडली की सिस्टिम तुमचे अ‍ॅप न विचारता बंद करते. स्टेटमध्ये ठेवलेला अर्धवट भरलेला फॉर्म त्याबरोबर जातो. माणसाने दहा मिनिटे लिहिलेले असते आणि परत आल्यावर रिकामी पाने दिसतात. म्हणून लिहिता लिहिता मसुदा साठवत जा. अ‍ॅप मागे गेले हे अ‍ॅपस्टेट सांगते. पण फक्त त्या क्षणावर विसंबू नका. थोड्या थोड्या वेळाने साठवणे जास्त सुरक्षित.

साठवण्यासाठी एसिंकस्टोरेज सोपे आहे. ते फक्त स्ट्रिंग ठेवते आणि अँड्रॉइडवर त्याची मुळातली मर्यादा ६ एमबी आहे. नोंदी वाढणार असतील तर सुरुवातीलाच एसक्यूलाइट हा फोनवरचा डेटाबेस घ्या. एसिंकस्टोरेजमधले काहीही एन्क्रिप्ट केलेले नसते, म्हणून लॉगिनचे टोकन तिथे नको. त्यासाठी सिक्युअरस्टोर आहे, जे आयओएसचे कीचेन आणि अँड्रॉइडचे कीस्टोर वापरते. सर्व्हरच्या गुप्त किल्ल्या तर अ‍ॅपमध्ये कुठेच नकोत. एन्व्हायर्नमेंट फाइलमध्ये ठेवून जावास्क्रिप्टमध्ये वापरलेली किल्ली बंडलमध्येच, म्हणजे अ‍ॅपबरोबर जाणाऱ्या जावास्क्रिप्टच्या फाइलमध्येच, जाते आणि ते बंडल कुणीही उघडून पाहू शकते. नावात 'पब्लिक' असलेले एक्स्पोचे व्हेरिएबल खरोखर सार्वजनिक असते, हे त्याच्या नावातच सांगून ठेवले आहे.

नेटवर्कचा अनुभव सांगते. सुरुवातीच्या काळात एका कामाचे अ‍ॅप आम्ही तीन महिने बनवले, रोज फोनवर पाहिले, सगळे उत्तम. दाखवायच्या दोन दिवस आधी रिलीज बिल्ड काढले तर पहिल्याच स्क्रीनवर चक्र फिरत राहिले आणि थांबेचना. मी दीड दिवस जावास्क्रिप्टमध्ये शोधत होते. कारण तिकडे नव्हतेच. आमचा चाचणीचा सर्व्हर साध्या एचटीटीपीवर होता. अँड्रॉइड ९ पासून अशा उघड्या जोडणीला मुळातच परवानगी नसते. डिबग बिल्डच्या मॅनिफेस्टमध्ये ती सोयीसाठी दिलेली असते, रिलीजच्या मॅनिफेस्टमध्ये नसते. आयओएसही अशीच अडवणूक करते. दोष नेटिव्ह बाजूच्या एका ओळीत होता आणि मी चुकीच्या बाजूला शोधत होते. शिवाय चक्र फिरतच राहिले, कारण विनंती फसली तर काय दाखवायचे हे मी लिहिलेच नव्हते. तेव्हापासून माझ्या प्रत्येक स्क्रीनला चार रूपे असतात: येत आहे, आले, रिकामे आहे, आणि जमले नाही, पुन्हा प्रयत्न करा. तुम्हीही पहिल्या स्क्रीनपासून चारही लिहा. फेच वापरत असाल तर सर्व्हरने ४०४ किंवा ५०० दिले तरी तो त्याला अपयश मानत नाही. उत्तरातले 'ओके' तपासावे लागते.

लोकलहोस्टचा घोळही इथेच सांगून टाकते, कारण प्रत्येक जण त्यात अडकतो. फोनवर चालणाऱ्या अ‍ॅपसाठी लोकलहोस्ट म्हणजे तो फोन, तुमचा कॉम्प्युटर नव्हे. अँड्रॉइडच्या एमुलेटरमधून कॉम्प्युटरकडे जायला १०.०.२.२ हा पत्ता आहे. खऱ्या फोनवरून कॉम्प्युटरचा वायफायवरचा आयपी द्या आणि दोघेही एकाच नेटवर्कवर ठेवा.

आता एरर वाचण्याबद्दल. लाल स्क्रीन आली तर अडचण जावास्क्रिप्टच्या नजरेस पडली आहे. खाली तुमच्या फाइलचे नाव आणि ओळ असेल, तिथे जा. अ‍ॅप लाल न होता सरळ बंद पडले तर ते नेटिव्ह बाजूला मेले आहे. मग टर्मिनलमधले मेट्रो बघून उपयोग नाही. अँड्रॉइडवर लॉगकॅट आणि आयओएसवर एक्सकोडचा लॉग उघडायचा. आयओएसवर कॅमेरा मागताच अ‍ॅप नाहीसे झाले, तर बहुधा इन्फो पीलिस्टमध्ये परवानगीचे कारण लिहिलेले नाही. ते वाक्य नसेल तर सिस्टिम अ‍ॅपच बंद करते. ग्रेडलचा, म्हणजे अँड्रॉइडचे बिल्ड करणाऱ्या साधनाचा, एरर शंभर ओळींचा असला तरी घाबरू नका. 'काय चुकले' असे सांगणारी ओळ आणि 'कॉज्ड बाय'ने सुरू होणाऱ्या ओळी शोधा, बाकीच्या ओळी म्हणजे एरर तिथवर कसा पोचला त्याची नुसती वाट आहे. आणि दर वेळी सगळे फोल्डर पुसण्याआधी एकदा विचारा, कोणत्या बाजूचे पुसायचे? जुनी जावास्क्रिप्ट दिसत असेल तर मेट्रोची कॅश रिकामी करून सुरू करा. नेटिव्ह पॅकेज सापडत नसेल तर पुन्हा बिल्ड करा. सगळे पुसून पुन्हा बांधल्यावर एरर गेला, तर तो का आला होता हे तुम्हाला कळत नाही आणि पुढच्या महिन्यात तो परत येतो.

कॉटलिन-स्विफ्ट आधी शिकायची गरज नाही. पण चार फाइली वाचता आल्या पाहिजेत: अँड्रॉइड मॅनिफेस्ट, बिल्ड ग्रेडल, इन्फो पीलिस्ट आणि पॉडफाइल. कोणती परवानगी कुठे लिहिली आहे, कमीत कमी कोणती आवृत्ती चालते, कोणती लायब्ररी जोडली आहे, एवढे वाचता आले की पुरे. एक्स्पोची प्रीबिल्ड कमांड या फाइली असलेले अँड्रॉइड आणि आयओएसचे फोल्डर तुमच्या कॉन्फिगवरून तयार करते. ते उघडून वाचा, मात्र त्यात हाताने बदल करून ठेवू नका. पुन्हा स्वच्छ प्रीबिल्ड केले की ते बदल जातात. बदल कॉन्फिगमध्ये किंवा कॉन्फिग प्लगिनमध्ये करायचे.

पहिले अ‍ॅप काय करावे? मी शिकणाऱ्यांना वाचलेल्या पुस्तकांची नोंदवही करायला सांगते. एक यादी, एक नोंद दाखवणारी स्क्रीन, एक फॉर्म. आधी सगळे फक्त फोनवर साठवा. मग मुखपृष्ठाचा फोटो काढायची सोय करा, म्हणजे परवानगी मागणे, ती नाकारली तर काय करायचे, आणि डेव्हलपमेंट बिल्ड हे तिन्ही आपसूक येते. त्यानंतर एखाद्या खुल्या एपीआयमधून पुस्तकाचे नाव शोधा. मग फोनचे इंटरनेट बंद करून सगळे अ‍ॅप पुन्हा वापरा. कीबोर्ड फॉर्म झाकतो का ते बघा. नॉच आणि खालच्या पट्टीखाली काही जाते का बघा. अँड्रॉइड १५ ला लक्ष्य करणारी अ‍ॅप्स स्क्रीनच्या कडेपर्यंत पसरतात, त्यामुळे सेफ एरिया आता दोन्हीकडे सांभाळावा लागतो. अ‍ॅप तीनच स्क्रीनचे आहे, पण ते शेवटपर्यंत नेले तर दहा ट्युटोरियल अर्धवट करण्यापेक्षा कितीतरी जास्त हाती लागते.

शेवटपर्यंत म्हणजे रिलीज बिल्डपर्यंत, आणि ते महिन्याच्या अखेरीला नको. दुसऱ्याच आठवड्यात एक रिलीज बिल्ड काढा, फोनवर टाका, मेट्रो बंद करा, केबल काढा आणि वापरा. पुढे दर आठवड्याला तेच. अ‍ॅपवर सही करणारी कीस्टोर फाइल आणि तिचा पासवर्ड दोन सुरक्षित जागी ठेवा आणि कोडच्या रिपॉझिटरीत टाकू नका. गुगल प्लेला नवीन अ‍ॅपसाठी एएबी हा फाइलचा प्रकार लागतो, एपीके नाही.

प्लेवर टाकायचे ठरले असेल तर आणखी एक गोष्ट आत्ताच माहीत असू द्या. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक डेव्हलपर खात्याला अ‍ॅप सर्वांसाठी खुले करण्याआधी क्लोज्ड टेस्टिंग, म्हणजे निवडक लोकांकडून चाचणी, करावे लागते: किमान १२ जण, सलग १४ दिवस. ही १२ माणसे ऐनवेळी जमत नाहीत. तुमची दुसरी स्क्रीन चालू लागली की त्याच दिवशी ओळखीच्यांना विचारायला सुरुवात करा, आणि त्यांतल्या दोघांचे तरी फोन जुने असतील असे बघा.